चूळ भरायच्या आधी

रचनाला हाक मारली की ती तिसऱ्या हाकेला ओ देते, हे त्या रिसॉर्टवर सगळ्यांना पाठ झालं होतं. किचनमधला आचारी तर पहिल्या दोन हाका मनातल्या मनात मारायचा आणि तिसरी तेवढी मोठ्याने, आणि मग ती ढिम्म उभी राहिली की भांडी आपटायचा. मृणाल मॅडमनी तिला सुरुवातीला कान तपासून घ्यायला सांगितलं होतं. कानांना काही झालेलं नव्हतं. खाडीतून होडी गेली की नुसत्या इंजिनावरून ती कोणाची ते रचना सांगायची. ओ न देण्याचं कारण दुसरंच होतं आणि ते तिने तिथे कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

रेवदंड्याच्या अलीकडच्या एका कोळीवाड्यात ती आणि तिची आई बायजा राहायच्या. आठवड्यातून तीनदा मिनीडोर रिक्षा पकडून दोघी किहीमच्या बाजूच्या या रिसॉर्टला मासळी पोचवायच्या. मृणाल तिथल्या पोहायच्या पुलावर, म्हणजे स्विमिंग पूलवर, मुंबईच्या लोकांना श्वास रोखून पाण्याखाली राहायला शिकवायची. लोक त्यासाठी चांगली फी भरून बोटीने मांडव्याला उतरायचे, ही गोष्ट बायजाला कधीच झेपली नाही. तिच्या वाड्यावर बुडी मारणं हे काम होतं, आणि नाइलाजाचं.

गेल्या दिवाळीनंतर एकदा मृणालच्या कोणा शिष्याच्या कमरेचं शिशाचं वजन सुटून पुलाच्या खोल टोकाला गेलं आणि तिथल्या जाळीत अडकलं. तिघांनी आळीपाळीने बुड्या मारल्या, तिघेही हात हलवत वर आले. रचना टोपली घेऊन कडेने चालली होती. दोन वर्षं ती घोट्याच्या वर पाण्यात गेली नव्हती, पण त्या दिवशी तिने टोपली खाली ठेवली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी उतरली. वजन घेऊन वर आली तेव्हा मृणाल घड्याळाकडे बघत उभी होती. दोन मिनिटं चाळीस सेकंद. मृणालने नाव विचारलं तर ही नुसती बघत राहिली, हाताने थांबायची खूण केली, टोपलीजवळ जाऊन घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याची चूळ भरली आणि मग नाव सांगितलं.

मृणालला एक गोष्ट मात्र कळली नाही. वजन रचनाने पहिल्या मिनिटातच सोडवलं होतं. उरलेला वेळ ती खाली कान देऊन ऐकत होती.

आता त्या वाड्यावरची रीत सांगायला हवी. समुद्रात खोल रोवलेल्या खुंटांना डोलीची, म्हणजे लांब पिशवीसारखी जाळी बांधतात. दोर खुंटाला अडकला की कोणीतरी बुडी मारून तो सोडवायचा. बुडी मारणारा खाली असेपर्यंत होडीवरच्याने त्याचं नाव घ्यायचं नाही. बोलवायचंच झालं तर वल्ह्याच्या दांड्याने होडीच्या तळावर ठोकायचं, दोनदा भरभर आणि तिसरा ठोका जरा थांबून. म्हणजे आता पुरे, वर ये. आणि वर आलेल्याने होडीतल्या तांब्यातल्या गोड्या पाण्याची चूळ भरेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हे पाणीसुद्धा आपल्या घरच्या विहिरीचंच लागतं. त्याआधी कोणी नाव घेतलं आणि याने ओ दिली, तर ती ओ ऐकणारे दोघे असतात, एक होडीवरचा आणि एक खालचा. खालचा मग सोडत नाही. एरवी कशावरही हसणारी म्हातारी माणसं हे सांगताना हसत नसत.

विनेश रचनाचा मोठा भाऊ. बाप लहानपणीच गेलेला, त्यामुळे होडी विनेशच्या हाती आली होती. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात एका सकाळी खलाशी तापाने पडला म्हणून रचना त्याच्याबरोबर गेली. दोर अडकला होता. कमरेला दोरी बांधायचा विनेशला कंटाळा, हातालाच एक वेढा घेऊन तो उतरला. पाच वाव पाणी, म्हणजे तीसेक फूट. रचनाने पुरेसा वेळ दिला आणि ठोकलं. पुन्हा ठोकलं. तो येईना. मग ती वेड्यासारखी ठोकत सुटली, दांडा हातातून निसटेपर्यंत. आणि होडीपासून हातभरावर त्याचं डोकं वर आलं. ओठ जांभळे पडले होते, पण डोळे उघडे होते आणि तो हसत होता. रचनाला राहवलं नाही.

"विनेश!" ती ओरडली.

"ओ," विनेश म्हणाला आणि गेला. त्याने हात मारले नाहीत, धडपड केली नाही. कोणीतरी खालून अलगद पाय धरावेत तसा सरळ खाली गेला. हातातला वेढा सुटून दोरी रिकामी वर आली. तिसऱ्या दिवशी तो साळावच्या बाजूला सापडला.

बायजाने लेकीला एका शब्दानेही बोल लावला नाही. तो लावला असता तर बरं झालं असतं, असं रचनाला कितीदा वाटलं. घरात त्याचं नाव घेणं बंद झालं आणि रचनाने हाकेला ओ देणं जवळजवळ सोडून दिलं. पहिली हाक कोणाची असेल याचा भरवसा काय, असं तिच्या मनाने घेतलं. दोन हाका जाऊ द्यायच्या. माणूस असेल तर तिसरी मारेल.

आणि त्या दिवशी, वजन हातात घेऊन पुलाच्या तळाशी असताना, तिने ते ऐकलं. ठक ठक, आणि मग थांबून, ठक. आवाज वरून येत नव्हता. तिच्या पायाखालच्या फरशीच्या खालून येत होता.

मृणालने तिला फुकट शिकवायची तयारी दाखवली आणि रचना लगेच हो म्हणाली. बायजाला धक्काच बसला. मृणालला वाटलं, पोरीत जिद्द आहे. जिद्द वगैरे काही नव्हती. तिला एक प्रश्न विचारायचा होता. विनेश आपल्यावर रागावलाय का? आपण त्याला हाक मारून घालवलं, म्हणून तो आता आपल्याला ठोकून बोलावतोय का? ते ऐकायचं तर खाली थांबायला हवं होतं, आणि समुद्रात थांबायची तिची छाती नव्हती. इथे निदान चार माणसं राखणीला होती.

शिकताना तिला आणखी एक गोष्ट कळली आणि ती फार वाईट होती. मृणालने एके दिवशी वहीत चित्र काढून समजावलं की श्वास रोखणाऱ्या माणसाची शुद्ध पाण्यात क्वचितच हरपते, बहुतेक वेळा ती वर आल्यावर हरपते, पहिल्या काही सेकंदांत. म्हणून वर आल्याबरोबर आधी तीन श्वास भरून घ्यायचे, मग बोलायचं. जो आधी बोलतो तो उरलासुरला श्वास बाहेर टाकतो. रचनाने वही मिटून दिली. वाड्यावरची रीत आणि मृणालची वही, दोघांचं एकमत झालं होतं आणि ते तिच्या विरुद्ध होतं. ती दोन दिवस जेवली नाही.

पुलात ठोके रोज येत नसत. ती दोन मिनिटांच्या पुढे गेली की यायचे. आले की ती धडपडत वर यायची. मृणाल म्हणायची की तुझी चार मिनिटांची ताकद आहे, तू घाबरतेस कशाला.

मग फेब्रुवारीतल्या स्पर्धेची गोष्ट निघाली. पाण्यात उपडं पडून श्वास कोंडायचा आणि जो जास्त वेळ तसा पडून राहील तो जिंकला. वाड्यावर हे सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, यात बक्षीस कसलं, आमच्याकडे असं झालं की रडारड होते. मृणालने मात्र पहिल्या स्पर्धेत काय काय होतं ते तिला दहा वेळा समजावलं. आधी डॉक्टर तपासणार. आपण किती वेळ राहणार ते कागदावर लिहून द्यायचं, आणि पहिल्या वेळी कमीच लिहायचं. तीन मिनिटं लिही, म्हणाली. मग पंच उलटे आकडे मोजणार. पाण्यात तोंड घातलं की मृणाल बाजूला उभी राहणार आणि दोन मिनिटांनंतर मधून मधून खांद्यावर टिचकी मारणार, तेव्हा एक बोट उचलून शुद्धीत असल्याचं दाखवायचं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं शेवटी. वर आल्यावर पंधरा सेकंदांत नाकाचा चिमटा काढायचा, हाताने खूण करायची आणि पंचाकडे बघून 'आय एम ओके' म्हणायचं. याच क्रमाने, दुसरा शब्द नाही. जमलं तर पांढरं कार्ड. नाही जमलं तर लाल, मग तुम्ही पाण्यात अर्धा तास राहिलेले असा.

त्या पंधरा सेकंदांत कोणी स्पर्श करायचा नाही आणि काही हातात द्यायचं नाही. म्हणजे चूळ नाही.

रचनाने सराव केला, पण वर आल्यावर तिचं तोंड उघडायचंच नाही. आधी बाटलीकडे हात जायचा. घरी मग तिने स्वतःपुरती युक्ती काढली. वर येऊन बोलता येत नाही ना, मग पाण्यातच बोलायचं. मोरीत मोठा टब भरायचा, त्यात तोंड घालायचं आणि तिथेच ते वाक्य घोकायचं. बुडबुडे यायचे. रोज शंभर वेळा, दोन महिने. बायजा दारात उभी राहून बघायची आणि कपाळावर हात मारून आत जायची. जीभ वळायला लागली, तशी रचनाने मृणालला शब्द दिला की स्पर्धेच्या दिवशी मी बोलेन.

मनात मात्र तिने वेगळंच ठरवलं होतं. या खेपेला ठोके आले तरी वर यायचं नाही. उत्तर मिळेपर्यंत थांबायचं. मग पुढे जे होईल ते होईल.

स्पर्धेच्या रविवारी बायजा पहाटेच उठून तयार होती. तिने घरच्या विहिरीचं पाणी काढून पितळेचा तांब्या भरला, तोंडाला फडकं बांधलं आणि मिनीडोरमध्ये तो मांडीवर घेऊन बसली. ड्रायव्हरने विचारलं तरी काय आहे ते सांगितलं नाही. रिसॉर्टच्या फाटकाशी उतरल्यावर तिने रचनाचं मनगट धरलं.

"चूळ भरल्याबिगर तोंड उघडू नुको. माजी शप्पत हाय तुला," बायजा म्हणाली. "दर्याला एक दिलाय मी. दुसरा नाय देनार."

रचनाने मान हलवली. आता तिच्याकडे दोन वचनं झाली होती आणि दोन्ही एकाच वेळी पाळता येण्यासारखी नव्हती.

पुलावर दोऱ्या ताणून पट्टे आखले होते. पांढऱ्या छत्रीखाली डॉक्टर आणि ऑक्सिजनची नळकांडी, बाहेर रुग्णवाहिका. मुंबईचे बारा-तेरा जण गुळगुळीत काळे पोशाख घालून भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून बसले होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एवढी माणसं आणि एवढी शांतता बायजाने फक्त मयताच्या घरी पाहिली होती. ती पुलाच्या कडेला तांब्या घेऊन उकिडवी बसली आणि तिला तिथून उठवायचं धाडस कोणी केलं नाही.

पंच होते कमलेश सर, मुंबईहून आलेले, पांढरी टोपी, खिशात पांढरं आणि लाल कार्ड. त्यांनी रचनाचं नाव पुकारलं. मग पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारल्यावर ती पुढे आली. पुढच्या वेळी पहिल्या हाकेला यायचं, नाहीतर बाद करीन, असं त्यांनी तिला सुनावलं.

ती पाण्यात उतरली. छातीएवढं पाणी, निळी फरशी, पाठीवर ऊन. मृणाल शेजारी उभी राहिली. दोन मिनिटं, मग एक, मग तीस सेकंद असं कोणीतरी सपाट आवाजात सांगत होतं. शेवटचे दहा आकडे सुरू झाले तेव्हा रचनाने बायजाकडे पाहिलं. बायजाने ओठांवर बोट ठेवलं. रचनाने श्वास भरला, चिमटा लावला आणि तोंड पाण्यात घातलं.

पहिलं मिनिट नेहमीसारखं गेलं. खाली फरशीवर तिची सावली पडली होती, हात पसरलेली, तिच्या तोंडासमोर तोंड करून. रचना तिच्याकडे बघत राहिली. दोन मिनिटांना खांद्यावर टिचकी बसली. तिने बोट उचललं. सावलीने पण उचललं, पण रचनाला उगाच वाटलं की सावलीचं बोट आधी उचललं गेलं.

तिसऱ्या मिनिटाच्या तोंडाशी पोटात उसळ्या सुरू झाल्या. शरीर श्वास मागायला लागलं की पोट आतून असं झटके देतं, त्याला घाबरायचं नाही, असं मृणालने शिकवलं होतं. रचनाचं अख्खं अंग हलत होतं. खालची सावली हलत नव्हती. ती फरशीवर अगदी शांत पडली होती, आणि आता तिचे खांदे रचनाच्या खांद्यांपेक्षा रुंद होते.

ठक ठक. ठक.

टिचकी बसली, कोणाचं तरी बोट उचललं गेलं. तिची तीन मिनिटं भरली होती आणि आता उठून उभं राहायला हरकत नव्हती. ती उठली नाही. तिने मनातल्या मनात विचारलं की रागावलास का. ठक ठक, ठक. मी हाक मारायला नको होती, ती म्हणाली, मला राहवलं नाही रे. ठक ठक, ठक. यात हो कुठलं आणि नाही कुठलं ते तिला कळेना. तुझ्याकडे येऊ का, तिने विचारलं.

त्यावर ठोके भरभर यायला लागले. मधली थांबण्याची जागाच राहिली नाही. इकडे तिच्या पोटातल्या उसळ्या थांबल्या होत्या. श्वास घ्यावासाच वाटेना. अंगाला छान ऊब आली आणि निळ्या फरशीच्या कडा काळ्या पडत चालल्या. छान वाटायला लागलं की समज गेलीस, असं मृणालने बजावलं होतं. रचनाला ते आठवलं आणि त्याचं काही वाटलं नाही. एवढंच असतं होय, असं तिच्या मनात आलं. विनेशला फार त्रास झाला नसेल.

ठोके मात्र थांबेनात. कोणीतरी जिवाच्या आकांताने लाकडावर दांडा हाणत होतं. हा हात आपल्या ओळखीचा आहे, असं रचनाला वाटलं. अशा हाताने तिनेच ठोकलं होतं, त्या सकाळी, दांडा निसटेपर्यंत. तेव्हा ती काय म्हणत होती? खाली ये, असं म्हणत होती का? हे ठोके तिने फक्त होडीत बसून दिले होते, खालून ते कधी ऐकलेच नव्हते, म्हणून तीन महिने तिला त्यांचा अर्थ उलटा लागला होता. या ठोक्यांचा वाड्यावर एकच अर्थ होता आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक होता.

वर ये.

रचनाने डोकं वर काढलं.

ऊन डोळ्यांत घुसलं. कडा पकडून तिने एक श्वास घेतला, दुसरा, तिसरा. समोर कमलेश सरांचा चेहरा, त्यांच्या डोळ्यांत ती आणि हातात घड्याळ. तिने चिमटा काढला. बोटांची खूण केली. आता वाक्य. जिभेवर ते तयार होतं. सरांच्या खांद्यावरून तिला बायजा दिसली, तांब्या छातीशी धरून उभी राहिलेली. मृणाल काही न बोलता नुसते ओठ हलवत होती, बोल, बोल. रचनाला विनेशचा हसरा चेहरा दिसला, त्याची ती ओ ऐकू आली, आणि तिने ओठ घट्ट मिटून घेतले. लाल तर लाल. तिला हवं होतं ते मिळालं होतं. ती दहा, अकरा, बारा अशी मनात मोजत राहिली आणि पंधरा झाले तेव्हा तिने डोळे मिटले.

टाळ्या वाजल्या. तिने डोळे उघडले तर कमलेश सरांनी पांढरं कार्ड धरलं होतं.

चार मिनिटं एकतीस सेकंद. मृणालने तिला मिठीच मारली. रचना मान हलवून नाही नाही म्हणत होती, ओठांकडे बोट दाखवत होती, पण चूळ भरलेली नसल्याने बोलणार कशी. मृणालला वाटलं, पोरगी भांबावली. ती म्हणाली की आवाज घोगरा आला तुझा, पण अगदी स्पष्ट आला, मी तर आशाच सोडली होती. कमलेश सरांनीही मान डोलावली. बाराव्या सेकंदाला बोललीस, पुढच्या वेळी एवढं ताणू नकोस, असं सांगून ते पुढचं नाव शोधायला वळले.

मृणालने कडेला मोबाइल लावून ठेवला होता, तो आणून दाखवला. चित्रात रचनाचं डोकं पाठमोरं होतं आणि समोर कमलेश सर. चिमटा निघाला. खूण झाली. मग पाण्याचा चुबूकचुबूक आवाज. आणि मग तिच्या अगदी जवळून, पाण्याच्या पातळीवरून, तोंडात गुळणी धरल्यासारखा जड आवाज आला. आय एम ओके.

तो आवाज तिने दोन वर्षं ऐकला नव्हता. विनेश सातवीत शाळा सोडलेला, इंग्रजीचं एक वाक्य त्याने कधी उच्चारलं नव्हतं. पण हे वाक्य तो अगदी तिच्याच चालीवर बोलला होता, मोरीतल्या टबात ती घोकायची त्या चालीवर. दोन महिने ती पाण्यात तोंड घालून ते पाठ करत होती, आणि पाण्याखाली तेच दुसरंही कोणी पाठ करत होतं.

बायजाला मोबाइल दाखवायची गरज पडली नाही. ती कडेला उभी राहून पापणी न लववता पाण्याकडे बघत होती. रचना वर चढून तिच्याजवळ गेली.

"त्यानंच सांगितला ना?" बायजाने विचारलं.

रचनाने मान हलवली.

"परत चूळ न भरता बोलला," बायजा म्हणाली. "येडा."

तिने फडकं सोडून तांब्या पुढे केला. रचनाने तो ओठांपर्यंत नेला. ओठ खारट लागत होते. पुलाच्या पाण्याला औषधाचा वास असतो, त्यात मीठ कुठून येणार, पण जिभेला खोटं कळत नाही. ती थांबली. चूळ आपल्याला नंतरही भरता येईल. त्याला दोन वर्षांपूर्वी मिळाली नव्हती आणि आज तो तिच्यासाठी दुसऱ्यांदा तसाच राहिला होता. ती कडेला गुडघ्यांवर बसली आणि तांब्या पुलात ओतायला लागली, सावकाश, एका धारेत, माणसाला ओंजळीत पाणी घालावं तसं.

कमलेश सर धावत आले. पुलात काही टाकायचं नाही, पुढचा स्पर्धक तयार आहे, हे काय चाललंय, असं ते म्हणाले. बायजाने त्यांना नुसतं पाणीच आहे म्हणून सांगितलं. तांब्या रिकामा होईपर्यंत दोघींपैकी कोणी जागचं हललं नाही. शेवटी मृणालने सरांना बाजूला घेतलं, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

रिसॉर्टवर पाण्याला तोटा नव्हता, पण घरच्या विहिरीचं तेवढंच आणलेलं होतं. म्हणून रचना बक्षिसाच्या वेळीही बोलली नाही. लोकांनी तिचं कौतुक केलं, तिने हात जोडले. मिनीडोरमध्ये दोघी एकमेकींना खेटून बसल्या. बायजाच्या मांडीवर रिकामा तांब्या होता आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात रचना ठोका ऐकू येतोय का बघत होती.

घरी पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. बायजा दार उघडून आत गेली. रचना सरळ मागच्या विहिरीवर गेली, पोहरा सोडला, पाणी काढलं आणि चूळ भरली. पाणी गोड होतं. ती विहिरीच्या कठड्यावर ओणवी झाली. दोन वर्षांत त्या घरात पाण्याजवळ जे नाव कोणी घेतलं नव्हतं ते तिने घेतलं.

"विनेश."

खाली तिची सावली होती, तिच्याएवढीच, आणि तिच्यासारखीच थरथरत होती. तिने कान दिला. दुसऱ्यांदा हाक मारली, मग तिसऱ्यांदा. ठोका आला नाही. तिने किती वेळ वाट पाहिली कोण जाणे. पोहऱ्यातून गळणारे थेंब तेवढे खाली पडत होते. तो सुटला होता. आणि तो आता कधीच ठोकणार नव्हता, हे कळल्यावर रचना विहिरीच्या कठड्याला कवटाळून, भाऊ सापडला त्या दिवशी रडली नव्हती तेवढी, मोठ्याने रडली.

घरातून बायजाने हाक मारली, रचू.

"ओ," रचना म्हणाली, पहिल्याच हाकेला.